बारा टक्क्यांचा फरक

"बसा मॅडम, आधी तुमच्याच डोक्याला लावून दाखवते," असं म्हणत स्वरूपाने खोक्यातून एक करडी पट्टी काढली. मुली केसांना लावतात त्या हेअरबँडसारखीच ती दिसत होती. फक्त आतून कपाळाला गार लागली.

रंजना झाडे खुर्चीत ताठ बसल्या. जुन्या शिवणीत आणि आता नव्या शिवणीत मिळून तीस वर्षं त्या मुलांना मराठी शिकवत होत्या. समोर उभी असलेली ही डॉक्टर स्वरूपा वासेकर त्यांच्याच हाताखाली पाचवी शिकलेली. आता जिल्ह्यातल्या बारा शाळांमध्ये चालणाऱ्या प्रयोगाची ती प्रमुख होती.

"ऐका हं. आईने दुधाला विरजण लावलं."

"बरं."

"आईने बसला विरजण लावलं."

मॅडम फस्सकन हसल्या. स्वरूपाच्या हातातल्या पडद्यावर एक रेषा झपकन खाली गेली आणि वर आली.

"तुम्ही हसलात ते नंतर. रेषा त्याच्या आधीच पडली. शब्द कानावर पडल्यापासून अर्धा सेकंद व्हायच्या आत." तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. "आपण ऐकत असतो तेव्हा मेंदू पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो. भलताच शब्द आला की त्याला ठेच लागते. ती ठेच डोक्यावरून मोजता येते. प्रयोगशाळेत हे साठ वर्षांपासून माहीत आहे. आता एवढंच झालंय की साध्या पट्टीवर, एकेका मुलाची, एकेका शब्दाची ठेच मोजता येते."

"आणि त्याला विरजण म्हणजे काय हेच ठाऊक नसेल तर?"

"तर ठेच नाही. दुधाला लावा की बसला, मेंदूला सारखंच. म्हणजे कॉपी नाही, पोपटपंची नाही, परीक्षेला घाबरून विसरणं नाही. शब्द मुलाचा झालाय की नाही, तेवढंच कळतं."

मॅडमनी पट्टी काढून हातात फिरवून पाहिली. त्यांना ती आवडली. तीस वर्षं त्या मुलांच्या डोळ्यांत बघून जे ओळखत होत्या, तेच ही पट्टी आकड्यात सांगत होती.

पण जे मोजता येतं ते शिकवताही येतं. पट्टीला आवाज होता. ती मुलाच्या कानात शब्द सांगायची, वाक्यं द्यायची, ठेच लागेपर्यंत नवी नवी वाक्यं द्यायची. एका शब्दाला सरासरी आठ मिनिटं लागत. शिक्षकांची भरती सहा वर्षांपासून बंद होती. त्यामुळे येत्या जूनपासून जिल्ह्यातल्या शाळांमध्ये भाषेचा वर्ग नसणार होता, कक्ष असणार होता. कक्षात कप्पे, आणि कप्प्यात एक मूल, एक पट्टी.

ज्या शाळेला हे मान्य नसेल तिने बारा आठवड्यांत सिद्ध करून दाखवायचं होतं. निम्मी मुलं कप्प्यात, निम्मी वर्गात. शब्द तेच, वेळ तोच. वर्गातली मुलं कप्प्यातल्या मुलांपेक्षा किमान बारा टक्के पुढे गेली, तर त्या शाळेत वर्ग राहील.

त्या बारांत नव्या शिवणीच्या शाळेचं नाव झाडे मॅडमनी स्वतः जाऊन नोंदवलं होतं. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी तालुक्याच्या शाळेतला पहिला कक्ष त्या बघून आल्या होत्या. तीस कप्पे, तीस मुलं, एकाचाही आवाज नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मुलं बाहेर आली आणि पट्ट्या न काढताच आपापली लांब लांब बसून जेवली. त्या आवारात भांडणसुद्धा झालं नाही. भांडणाशिवाय मधली सुट्टी मॅडमनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

आणि नव्या शिवणीची मुलं तर आधीच गप्प झालेली. कोळशाच्या खाणीसाठी तीन गावं उठली आणि एका वसाहतीत आणून बसवली. शिवणीची मुलं बेलोरीच्या मुलांशी बोलत नव्हती, बेलोरीची मानगावच्या मुलांशी. दोन वर्षं लागली त्यांना एका फळ्याकडे बघायला. आता कुठे ती एकमेकांची पेन्सिल चोरण्याइतकी जवळ आली होती. त्यांना कप्प्यात घातलं तर संपलंच, हे मॅडमना दिसत होतं.

"कोण वर्गात, कोण कप्प्यात, ते मी ठरवू नाही शकत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. चिठ्ठ्या. नाहीतर तुम्ही हुशार पोरं स्वतःकडे घ्याल."

"मी ढ पोरं घेईन, उलट."

"तेच. तेही चालत नाही."

छप्पन्न मुलांच्या चिठ्ठ्या निघाल्या. अठ्ठावीस अ वर्गात, अठ्ठावीस ब मध्ये. नागोसेंच्या घरची जुळी फुटली. रुही अ मध्ये आली, सक्षम ब मध्ये. सक्षमने कप्पा बघितला आणि विचारलं, "म्हणजे इथं रुही कुठं बसणार?"

* * *

झाडे मॅडमची रीत जुनीच होती. मुलं तिला डबा म्हणत.

चार-चार मुलांचे सात गट. आठवड्यातून तीन दिवस बारा नवे शब्द. गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याला तीन. आधी सगळ्या गटांतली, सारखेच शब्द वाट्याला आलेली मुलं एकत्र बसायची, भांडून-तंडून ते शब्द पक्के करायची. मग प्रत्येकाने आपल्या गटात परत जायचं आणि उरलेल्या तिघांना ते शिकवायचे. फळ्यावर काही नाही, पुस्तकात काही नाही.

"तुझ्या डब्यात जे आहे ते दुसऱ्या कुणाच्याच डब्यात नाही," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तू डबा उघडला नाहीस तर तिघं उपाशी."

आपण घेतलेला शब्द निसटतो, दिलेला निसटत नाही, असा मॅडमचा अनुभव होता. दुसऱ्याला सांगायचा म्हटलं की मूल तो शब्द उलटा-सुलटा करून बघतं, त्याला उदाहरण शोधतं, समोरचा चुकला की चिडतं. या चिडण्यात शब्द मुरतो.

रुही नागोसे या कामात बहाद्दर निघाली. तिला "ओशाळणे" मिळाला तेव्हा तिने सम्यक रामटेकेच्या दप्तरातून त्याच्यादेखत लाडू काढला, तोंडात घालणार इतक्यात थांबली, आणि असं तोंड केलं की गटातले तिघंही हसून लोळले.

"आता हे तोंड कशाचं?"

"चोराचं!"

"चोर पकडल्यावरचं, मूर्खा. ओशाळली मी."

"लाडू दे आधी."

चार आठवड्यांनी स्वरूपा आली. पट्ट्या लावल्या, मोजलं. अ वर्ग नऊ टक्क्यांनी पुढे होता. ती हसत म्हणाली, "मॅडम, या चालीने बारा सहज होतील."

पण सहाव्या आठवड्यात ती आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता.

"अ चढतोय. पण ब पण चढतोय. फरक तीनवर आला."

"तीन?"

"बाकी शाळांमध्ये कप्प्यातली मुलं एवढी चढलेली नाहीत. पट्टीचा शब्द वापरात आला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुसट होतो. इथे पुसट होतच नाहीये. असं का, कळत नाही."

मॅडमना त्याच संध्याकाळी कळलं. दूध आणायला निघाल्या होत्या. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर मुलं बसली होती, वीस-पंचवीस तरी. वरच्या पायरीवर रुही. खाली सक्षम आणि ब वर्गातली बाकीची.

"आज डब्यात काय?" कुणीतरी ओरडलं.

"हुरहूर."

"खायचं का ते?"

"खायचं नाही. ते आपल्याला खातं. सक्षम, बाबा खाणीतून यायला उशीर झाला की आई दारात जाते, परत येते, परत जाते. तेव्हा आईला काय होते?"

"भूक लागते," सक्षम म्हणाला. सगळे हसले.

"गधड्या!"

"बरं बरं. पण सांग ना, हुरहूर आणि भीती एकच का? म्हणजे काय फरक? आईला तर भीतीच वाटते." सक्षमचे प्रश्न कधी संपत नसत. एकातून दुसरा निघे. रुही त्याच्यावर खेकसत होती आणि उत्तरं देत होती, आणि शिवणी, बेलोरी, मानगावची मुलं मध्ये तोंड घालत होती.

मॅडम पाण्याच्या टाकीआड उभ्या राहिल्या. डोळे भरून आले. इतकं चांगलं शिकवणं मुलांना कुणी सांगूनही जमलं नसतं. रिकामी बरणी हातात तशीच राहिली. मग त्यांना तीन टक्के आठवले आणि दूध न आणताच त्या घरी परतल्या.

* * *

"याला आम्ही गळती म्हणतो," पायऱ्यांवरचं सगळं ऐकून स्वरूपा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर दोघी रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. "समजा औषधाची परीक्षा चालू आहे. एका गटाला गोळी दिली. त्यांनी घरी जाऊन अर्धी अर्धी दुसऱ्या गटाला वाटली. आता औषध लागू पडतं की नाही, कसं कळणार?"

"अगं, लागू पडतंय म्हणूनच तर वाटतायत ना!"

"मला कळतंय मॅडम. कागदाला नाही कळत. कागद फक्त फरक विचारतो."

"मग लिही ना तसं. गळती झाली म्हणून."

स्वरूपाने मान खाली घातली. "गळती नोंदवली की शाळा प्रयोगातून बाद. बाद झालेल्या शाळेत कक्ष. नियम आधीच छापलेत."

म्हणजे फरक पडला नाही तरी कप्पे, आणि फरक का पडला नाही ते खरं सांगितलं तरी कप्पे.

"अजून सहा आठवडे आहेत," स्वरूपा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी काल पायऱ्यांकडे गेले नव्हते. मला काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी झाडे मॅडमनी अ वर्गाचं दार लावून घेतलं.

"आजपासून आपला डबा फक्त या खोलीत उघडायचा. ब वर्गातल्या कुणालाही एकही शब्द सांगायचा नाही."

"मागितला तरी?" सम्यकने विचारलं.

"मागितला तरी."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणाल्या ना, आपण सांगितलं नाही तर समोरचा उपाशी राहतो."

"सहाच आठवडे, बाळांनो. मग सगळ्यांना सांगायचं." त्यांनी कप्प्यांबद्दल सांगितलं, फरकाबद्दल सांगितलं. मुलांना समजेल अशा भाषेत सांगितलं. तोच तर त्यांचा हातखंडा होता.

सम्यकने थोडा विचार केला. "म्हणजे ते मागे पडले तर आपला वर्ग राहील?"

या प्रश्नाला दुसरं काहीतरी उत्तर असायला हवं होतं. मॅडमनी मान डोलावली.

रुही घंटा झाल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "सक्षमलापण नाही?"

"सक्षमलापण नाही, रुही."

"बरं," ती म्हणाली.

मॅडमनी आयुष्यात कधी छडी घेतली नव्हती. मुलं त्यांचं ऐकायची ती मायेपोटी. आताही त्यांनी ऐकलं, आणि सांगितलं होतं त्याहून जास्त ऐकलं. पायऱ्या ओस पडल्या. अ ची मुलं अ मध्येच खेळू लागली. बेलोरीच्या एका मुलाने आपल्या आतेभावाला "आडोसा" सांगितला, तर गटातल्या तिघांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि वर येऊन मॅडमना अभिमानाने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अबोला नको रे." पण शाबासकी न मिळाल्यासारखं तोंड करून मुलं गेली, आणि अबोला तसाच राहिला.

आठव्या आठवड्यात फरक सात झाला. नवव्यात दहा.

* * *

दीपाली नागोसे, जुळ्यांची आई, खाणीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच होतं.

"मॅडम, रागावू नका जी. एक विचारायचं होतं."

"अगं ये ना आत. बस."

"बसत नाही, शिफ्ट आहे. माह्या घरी काय चालू आहे ते तुमाले माहीत असंल, म्हणून आली." ती पदराशी चाळा करत होती. "पोट्टी भिंतीकडं तोंड करून जेवते. काहून असी बसते म्हटलं, तं म्हणते, त्याच्याकडं पाहिलं तं माह्या तोंडातून निघून जाईन."

मॅडमना हसू आलं आणि लगेच गेलं.

"त्यानं पह्यले पह्यले लय विचारलं जी तिले. मांगं मांगं फिरे. हे म्हणजे काय, ते म्हणजे काय. तिनं एक दिवस दोन्ही कान झाकले आणि रडली. तवापासून पोट्टा काही विचारतच नाही. तिलेही नाही, मलेही नाही. एकाच पलंगावर झोपतात दोघं, बोलणं एकाचं नाही."

"तीन आठवडे राहिलेत, दीपालीताई. मग मी स्वतः त्याला सगळे शब्द शिकवीन. एकही राहू देणार नाही."

दीपालीने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. थकलेल्या माणसाने पाहावं तसं.

"मी शब्दाचं नाही म्हणत जी," ती म्हणाली आणि शिफ्टवर गेली.

त्या दिवशी मॅडम दोनदा अ वर्गाच्या दारापर्यंत गेल्या. बंदी उठवली, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. दोन्ही वेळा त्यांना ते तीस कप्पे दिसले, आणि लांब लांब बसून जेवणारी मुलं दिसली. तीन आठवडे दोन भावंडं गप्प राहिलेली परवडली. सगळी शाळा कायमची गप्प झालेली नाही परवडणार. हिशोब बरोबर होता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि दर वेळी तो बरोबरच आला.

* * *

एप्रिलच्या शेवटी स्वरूपाने अखेरचं मोजमाप केलं. कूलरचा खडखडाट चालू होता. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

"सोळा," ती म्हणाली.

मॅडमनी डोळे मिटले. "वर्ग राहिला."

"राहिला." पण तिने पडदा बंद केला नाही. "मॅडम, मी तुम्हाला आणखी एक दाखवू का? कुणी मागितलेलं नाही. मीच काढलं."

पडद्यावर दोन रेषा होत्या. अ ची वर चढत गेलेली, सहाव्या आठवड्यानंतर जवळजवळ सपाट. ब ची तिच्याबरोबर चढत आलेली, आणि सहाव्या आठवड्यापासून उतरत गेलेली.

"अ पुढे गेला म्हणून फरक वाढला नाही. ब खाली आला म्हणून वाढला."

"पट्टीचे शब्द पुसट होतात, तूच म्हणाली होतीस."

"होतात. पण इतके नाही. मी बाकीच्या अकरा शाळांची कप्प्यातली मुलं पाहिली. आपला ब त्या सगळ्यांच्याही खाली आहे." तिने बोटाने पडदा सरकवला. "पट्टी आणखी एक गोष्ट नोंदवते. मुलाने तिला किती प्रश्न विचारले. सहाव्या आठवड्यात ब वर्गाने नऊशे विचारले. बाकी शाळांच्या दुप्पट. शेवटच्या आठवड्यात अकरा."

"अकराशे?"

"अकरा. अठ्ठावीस मुलांनी मिळून." ती थांबली. "सक्षम नागोसे. सहाव्या आठवड्यात एकशे चाळीस. गेले चार आठवडे शून्य. त्याला घरी कुणी सांगत नाही इतकंच असतं, तर त्याने यंत्राला विचारलं असतं. यंत्र तर नाही म्हणत नाही. तो विचारायचंच सोडून बसलाय."

"हे अहवालात जातं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. फरक जातो. शेवटी एक चौकट आहे. शिक्षकांना आणखी काही नोंदवायचं आहे का. तुम्ही लिहिलंत तर जाईल."

"आणि लिहिलं तर शाळा बाद."

"हो."

"आणि कक्ष."

"हो, मॅडम."

स्वरूपाने टॅबलेट त्यांच्यापुढे ठेवला. रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत होती. मॅडमनी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, पण खोटं लिहू नका. त्यांनी बोट उचललं. ते हवेत बराच वेळ राहिलं. मग त्यांनी लिहिलं, "नाही."

सही केली.

स्वरूपाने टॅबलेट घेतला आणि पट्ट्या मोजून खोक्यात भरायला लागली. इतक्या वर्षांत ती कधीही मॅडमच्या पाया पडल्याशिवाय निघाली नव्हती. आज खोका काखोटीला मारून म्हणाली, "येते मी," आणि दारातून बाहेर पडली.

* * *

बारा शाळांपैकी पाच शाळांचे वर्ग राहिले. त्यांत नवी शिवणी होती. जूनच्या अखेरीस शाळा उघडली तेव्हा सरपंचांनी पेढे वाटले. "मॅडमनी यंत्राला हरवलं," असं ते माईकवर दोनदा म्हणाले. कप्पे उचलून ट्रकमध्ये भरले गेले. सगळी छप्पन्न मुलं सहावीत एका मोठ्या खोलीत आली. अ नाही, ब नाही.

मॅडमनी सुट्टीभर याच दिवसाची वाट पाहिली होती. गट त्यांनी स्वतः पाडले. रुही आणि सक्षम एका गटात, त्यांच्याबरोबर सम्यक आणि मानगावची अल्फिया. पहिल्या दिवसाचे बारा शब्दही सोपे घेतले. सक्षमला तीन मिळाले.

सारखे शब्द मिळालेली मुलं एकत्र बसली. सक्षमही जाऊन बसला. बोलला नाही, पण ऐकत होता. मॅडम मागून बघत होत्या. त्याचे ओठ हलत होते. त्याला येत होतं. मग सगळी मुलं आपापल्या गटात परतली आणि खोलीत एकच गलका उठला. चौदापैकी एका गटात गलका नव्हता.

"मॅडम, हा सांगतच नाही," अल्फिया म्हणाली.

"सांग ना बे," सम्यक म्हणाला. "आमचं सगळं ऐकून घेतलं आणि आता तोंड शिवून बसला."

रुही वहीकडे बघत होती.

मॅडम गुडघे धरत सक्षमच्या समोर खाली बसल्या. "सक्षम, तुला येतात ना ते तीन शब्द?"

त्याने मान हलवली. येतात.

"मग यांना सांग की."

त्याने वहीचं पान उलटलं.

"बरं, यांना नको. मला सांग. मला नाही येत बघ. मी कधी शिकलेच नाही ते."

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, रागही नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं असावं तसं त्याने विचारलं, "तुम्ही कोणत्या वर्गाच्या?"

तीन महिन्यांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"आता एकच वर्ग आहे, राजा."

"मागच्या वर्षी कोणत्या होत्या?"

बाजूचे दोन गट गप्प होऊन ऐकायला लागले होते.

"ब," त्या म्हणाल्या.

सक्षम त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मॅडम खोटं बोलतायत हे त्याला कळलं असावं. पण त्याला विश्वास ठेवायचाही असावा. शेवटी त्याने मान हलवली.

"मग तुम्हाला सांगतो," तो म्हणाला. "पण आधी तिला बाहेर पाठवा."

त्याने बोट दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. मॅडम काही बोलायच्या आतच रुही उठली होती. तिने वही मिटली, दप्तरात ठेवली, बाक आवाज न करता मागे सरकवला, आणि चांगल्या मुलीसारखं विचारलं, "जाऊ ना, मॅडम?"

झाडे मॅडमनी खाली बसल्या बसल्या तिचं मनगट धरलं. ते त्यांना सोडवेना, आणि बस म्हणायला तोंड उघडेना.